आईच्या शिक्षणाचा रकाना

टेबलाचा एक पाय आखूड आहे.
त्याखाली कॉलेजचं माहितीपत्रक घडी करून सरकवलंय,
हिरवळीवर बसून हसणारी मुलं.
गेल्या वर्षापासून आम्ही त्यांच्या डोक्यावर जेवतोय.

आज त्याच टेबलावर लॅपटॉप. शाळेचा,
मागे नंबर चिकटवलेला, मे महिन्यात परत करायचा.
बाहेर नेब्रास्काचा नोव्हेंबर,
वारा ट्रेलरच्या पत्र्याला हात लावून बघतो.
आई दुसऱ्या पाळीहून आली, ती अजून कोटातच आहे.

रकाना : आईचं शिक्षण.
प्राथमिक, माध्यमिक, कॉलेज, माहीत नाही.
"काय लिहू?"
ती बोटं मोजते. "तिसरी.
पण मास्तर फक्त मंगळवारी यायचे डोंगर चढून,
रस्ता खचला की तेही नाही.
मग किती झाली गं?"
यादीत मंगळवार नाही.

रकाना : उत्पन्न.
ती बिस्किटांच्या डब्यातून पगाराच्या चिठ्ठ्या काढते,
तारखेप्रमाणे लावलेल्या, रबराने बांधलेल्या.
वाचता येत नाही तिला,
पण तिच्याकडचा एकही कागद
आजवर हरवलेला नाही.

आतून एल्मर विचारतो, ताई जाणार म्हणजे कुठे?
लिंकनला. अडीच तास.
मग रात्री येईल ना परत?
आई उठून त्याचं पांघरूण नीट करते.
ते नीटच होतं.

निबंध उरला.
मिसेस व्होंड्रा म्हणाल्या होत्या, तुझी अडचण लिही,
असं काही असलं की ते थांबून वाचतात.
मी आईचा उजवा हात लिहिला.
कारखान्यातली थंडी, पट्ट्यावरून येणारं मांस,
दिवसभर एकच काप, तोच, तसाच,
आणि सकाळी गरम पाण्यात
एकेक करून सोडवावी लागणारी बोटं.
साडेसहाशे शब्द. चांगला झाला होता.
चांगला झालाय हे मला कळत होतं,
तेच कुठेतरी खुपत होतं.

"मला सांग काय लिहिलंस."
मी किचेमध्ये सांगू लागले.
'संघर्ष'ला शब्द सापडेना, 'प्रेरणा'ला तर नाहीच.
'हात'ला लगेच सापडला.
ऐकता ऐकता तिने तो टेबलाखाली नेला.

"ओदिल्मा, हातावर पोट आहे आपलं, खरंय.
पण हात माझा आहे.
मी तो एका ठिकाणी विकलाय,
तू आणखी कुठे विकू नकोस.
तुझं असं काहीच नाही का?"

मी गप्प. फ्रिज तेवढा बोलत होता.

माझं काय?
मार्चमध्ये प्लॅट नदीत क्रौंच उतरतात,
करड्या पंखांनी वाळूच दिसेनाशी होते,
आणि मी बस चुकवून कुंपणापाशी उभी.
सगळा थवा कोणाला मोजता येतो?
मी दोन खांबांमधले मोजायचे,
मग खांब मोजायचे, मग गुणाकार.
बारा तारखेला चौदा हजार दोनशे.
तेराला धुकं.
चौदाला मोजता मोजता सगळे उडाले,
वहीत मी नुसती एक रेघ मारली.
कोणी सांगितलं नव्हतं. मार्क नव्हते त्याला.

मी साडेसहाशे शब्द पुसले.
पहिलं वाक्य लिहिलं : मी मोजते.
पुढचं येईना.

"तिथे नदी आहे?" आईने विचारलं.
माहीत नव्हतं.
मी वाकून टेबलाखालचं माहितीपत्रक ओढलं,
मागच्या पानावर नकाशा होता,
मुलांच्या चेहऱ्यांवर टेबलाच्या पायाचा गोल वण.
एक निळी रेघ दिसली, बारीक.
नदी असेल, नाहीतर नुसता ओढा.

टेबल डुगडुगायला लागलं.
आईने दोन्ही कोपरं रोवली त्यावर,
सगळा भार दिला, कोटासकट.
"लिही," म्हणाली,
"मी धरलंय."