मूळ प्रतीबरहुकूम

जानेवारीत आमच्या चौकीत चोर कमी येतात.
येतात ते बारावी पास झालेले.
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ओळखपत्र,
आईच्या पगाराचा कागद, आजीच्या पेन्शनची पावती,
झेरॉक्स इतकी फिकी
की चेहऱ्याचं नुसतं सावट उरलंय.
मी मूळ बघतो, नक्कल बघतो, शिक्का मारतो.
सकाळपासून एकशे बारा.
मनगट दुखतं. सरकारचंच आहे, दुखू दे.

कॉलेजची फी सरकार भरतं, खोलीचं भाडंही देतं,
पण आधी गरीब असल्याचं पटवावं लागतं.
घरातली मिळकत एका रेषेच्या खाली हवी.
काही पोरं त्या रेषेच्या बोटभर वर निघतात.
ती पुन्हा येतात, विचारतात,
आईने ओव्हरटाइम केला नसता तर?
त्या प्रश्नाचा शिक्का माझ्याकडे नाही.

आज रांगेत नोझिबेले होती, एन.यू. सहामधली.
फॉर्म सगळा भरलेला, एकच चौकट रिकामी: वडील.
सोबत प्रतिज्ञापत्र, तिच्याच अक्षरात,
"माझे वडील कुठे आहेत हे मला ठाऊक नाही."

म्झ्वाबांतु कुठे आहे हे अख्ख्या म्दांत्सानेला ठाऊक.
चर्चच्या मागे, तीन गल्ल्या सोडून, हिरव्या फाटकाचं घर.
मोटारींच्या कारखान्यात दिवसपाळी.
रविवारी आम्ही एकाच बाकावर उभे राहून गातो,
तो खर्जात, मी त्याच्याही खाली.
त्याचा पगार फॉर्मवर चढला
की पोरगी रेषेच्या वर जाणार.
त्याच्या खिशातून मात्र तिच्या घरी
सोळा वर्षांत एक रँड उतरलेला नाही.

"वाचलंस काय लिहिलंय ते?"
वाचलं, ताता.
"शपथ घ्यायला हरकत?"
नाही, ताता.
"ही शपथ तुझ्या मनाला बांधील वाटते?"

इथे ती थांबली.
बाहेर अमाग्विन्या तळणाऱ्या बाईने
तेलात पिठाचा गोळा सोडला, तेवढा आवाज.

आमच्या भाषेत ताता म्हणजे बाप.
वयाने मोठा कुठलाही पुरुषही ताताच.
सकाळपासून एकशे बारा जणांनी मला बाप म्हटलं
आणि मी मान वर न करता शिक्के मारले.

"काल दिसले," ती म्हणाली, "टॅक्सी स्टँडवर.
हात केला. मला की माझ्या मागच्या बाईला, कळलं नाही.
म्हणजे कुठे आहेत ते ठाऊक आहे, ताता.
माझे कोण आहेत, ते नाही.
त्याला फॉर्मवर जागा नाही."

मी पेन तिच्याकडे सरकवलं.
ते वाक्य खोड. एकच आडवी रेघ, गिचमिड नको,
शेजारी तुझी आद्याक्षरं.
आता लिही: माझे वडील तीन गल्ल्या सोडून राहतात.
त्यांनी मला पोसलेलं नाही.

"मग मिळेल?"
माहीत नाही, म्हणालो. साहेब कदाचित
त्याच्याच सहीचा कागद मागतील.
मागू देत. रविवारी तो माझ्या शेजारी असतो,
दोन भजनांच्या मध्ये बरीच शांतता असते.

तिने लिहिलं, इतकं दाबून
की अक्षरं पाठीमागे उमटली.
कागद उलटा करून मी त्यांवर बोट फिरवलं.

कोमानीत एक मुलगी आहे, आता बावीसची असेल.
तिने कुठल्या चौकीत काय लिहून दिलं,
कोणी शिक्का मारला, मी विचारलं नाही.
तिथला हवालदारही मान खाली घालूनच असेल.

"ताता, हे."
पुढचा पोरगा. या वेळी मी वर बघितलं.
कान मोठे, शर्ट भावाचा, हातात चौदा झेरॉक्स.
मूळ कुठाय?
"घरी राहिलं, ताता."
जा, घेऊन ये.
साडेचारला बंद होतं.
मी थांबतो.