फुलांच्या दुकानाची पाटी

एकतीस वर्षं मी माशांची डोकी उडवली
मुर्मान्स्कच्या गोदीलगतच्या कारखान्यात.
कॉड, हॅडॉक, पुन्हा कॉड.
एकाशीही नजरानजर झाली नाही,
पट्टा पुढे सरकत राहायचा.

आता घरात सात गप्पी आहेत,
साठ लिटर पाणी
आणि वॅलिस्नेरियाची एक जुडी, टोकांकडून पिवळी पडत चाललेली.
डिसेंबरात ट्यूब गेली,
फट् असा आवाजसुद्धा न करता.
सूर्य त्याआधीच गेला होता
चाळीस दिवसांच्या रजेवर.

दुकानातला दिवा सात हजार रूबल.
किंमत सांगताना विक्रेत्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.
मग मीही पाहिलं.
बूट ठीक होते.

ल्योवाच्या बाल्कनीतून पन्हळीचा तुकडा मिळाला, अ‍ॅल्युमिनियमचा,
एका बाजूला पोचा आलेला.
आणि एल्वीराचं फुलांचं दुकान, ऑक्टोबरात बंद पडलेलं;
वरची पाटी मात्र तशीच: ‘त्स्वेती’,
म्हणजे फुलं. पाच अक्षरं,
त्यातली तीन जिवंत.
‘ने गं क्लावा,’ ती म्हणाली, ‘नाहीतरी कोण वाचतंय.’

उणे अठरात मी शिडीवर.
हातमोजा काढल्याशिवाय स्क्रू सापडेना,
काढला तर बोट लोखंडाला चिकटे.
खालून झाखार टॉर्च धरून होता, नववीतला पोरगा,
त्याच्या मते मावशीचं डोकं फिरलेलं,
पण शिडी सोडून गेला नाही.

पहिल्या रात्री आम्ही लॅपटॉपचा चार्जर जोडला.
एकोणीस व्होल्ट. पट्टीला हवे होते बारा.
ती इतकी सुरेख उजळली
की आम्ही दोघं हसलो,
आणि हसता हसताच करपलेल्या साखरेचा वास आला.
एक अक्षर गेलं.
उरली दोन. झाखार रडवेला झाला,
मी त्याला चहा दिला, स्वतःला शिव्या.

मग रद्दीतल्या राउटरचा अडॅप्टर, नेमका बारा व्होल्टचा.
पट्टीचे तुकडे खुणेच्या जागी कापले,
अधिकाला अधिक, उण्याला उणं.
डाक देताना झाखारचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता;
सुरी धरून धरून बोटांना एकच वळण उरलंय.
पन्हळीला पट्टी घट्ट चिकटवली,
धातू ऊब ओढून घेतो, नाहीतर दिवे लवकर म्हातारे होतात.
कडांना सिलिकॉन.
दोन दिवस घरभर व्हिनेगरचा वास,
जणू कोणी काकड्या मुरत घातल्यात.

शेवटी वायर.
ती सरळ सॉकेटात न्यायची नाही,
आधी खाली लोंबू द्यायची, एक झोळ,
म्हणजे ओघळत आलेलं पाणी
झोळापाशी थांबतं, जमिनीवर टपकतं,
विजेपर्यंत पोचत नाही.
सावेली गेला तेव्हा माझ्याकडे असा झोळ नव्हता.
सगळं थेट आत गेलं.

खर्च: सिलिकॉन तीनशे वीस,
टायमर चारशे, जुन्या बाजारातला, घासाघीस करून.
चहा धरलेला नाही.

दुपारी दोनला टायमर कट् करतो
आणि माझ्या स्वयंपाकघरात उजाडतं.
गप्पी वर येतात, त्यांना वाटतं खायला आलंय.
नवव्या दिवशी एका पानाच्या टोकाला
एक बुडबुडा दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा.
मी स्टूल ओढून तिथंच बसले.
तो सुटला. दुसरा आला.
रात्री दहाला पुन्हा कट्.
आठ तास पुरे, लोभ केला की काच हिरवी होते.

जानेवारीत सूर्य परत आला तेव्हा
अख्खं गाव टेकडीवर, मीही.
थर्मास, गरम ब्लिनी, पोरांचा आरडाओरडा.
वीस मिनिटं होता तो, क्षितिजाला लगटून, लालसर.
एल्वीरा डोळे पुसत होती.
मी जरा नीट बघितलं.
कोन फार तिरपा.
रंगही पिवळट, तीन हजार केल्विनच्या पुढे नाही.
झाखारच्या कानात म्हटलं,
रोपांना चालणार नाही हा.
मग टोपी काढून
मीही तोंड त्याच्याकडे केलं.