अर्धी मात्रा आधी

तार्तूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
अठ्ठावीस वर्षं मी स्टिरिओ विकतो,
आणि गेली सहा वर्षं (गिऱ्हाइकांत बोलू नका)
माझा डावा कान जवळजवळ बंद आहे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी वाइके लेपिक आल्या.
शालीत गुंडाळलेला जुना सीडी प्लेअर छातीशी,
आजारी मांजर डॉक्टरकडे आणावं तसा.
"कप्पा आत जात नाही," म्हणाल्या,
"पूर्वी ढकलला की जायचा,
आता मलाच ढकलतो."

आतला पट्टा सैल, लेझर थकलेलं.
भाग बनवणारी कंपनी हल्ली फ्रीज बनवते.
मी शाल घडी करून त्यांच्या हातात दिली.

मग तीन नवे मांडले.
पहिला स्वस्त, रिकाम्या खोक्याइतका हलका.
दुसरा मधला,
ज्याच्याबद्दल मला कधीच काही सुचत नाही.
तिसरा उचलताना कंबर सांभाळावी लागते.
मी सुरू झालो: कन्व्हर्टर, आतलं घड्याळ, तांब्याचा तळ...
त्या कोट न काढता ऐकत होत्या,
बस येईपर्यंत एखाद्याचं ऐकावं तशा.

पर्समधून त्यांनी आपली सीडी काढली.
विल्यांदीचं चर्च, सत्त्याण्णव साल,
चौतीस बायकांचं गायनवृंद.
"तिसरं गाणं लावा. एक मिनिट चाळीस सेकंद.
आल्टोतली एक बाई अर्धी मात्रा आधी शिरते.
ती मी."

नवरा होता तोवर दर नाताळला
नेमक्या त्या जागी बोट वर करायचा.
बोलायचा काही नाही. फक्त बोट.

पहिल्या प्लेअरवर सगळा घोळका दारातून एकदम आत आला,
कोण पुढे, कोण मागे, काही कळेना.
दुसऱ्यावर... दुसऱ्याचं मी आधीच सांगितलं.
तिसऱ्यावर त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या.
पुन्हा लावा.
चष्मा काढला. पुन्हा.
चौथ्यांदा लावलं तेव्हा
बाहेर बर्फ खरवडणाऱ्या माणसाला
काचेवर टकटक करून थांबवलं.

"डावीकडून येतोय," त्या म्हणाल्या. "हो ना?"
मी मान हलवली. डावीकडूनच.
"मी उजवीकडे होते. खांबाजवळ.
दगड इतका गार होता की पाठ टेकवेना."

हातमोजे चढवायला लागल्या.
एक चढला, दुसरा त्याच हातावर चढवू लागल्या.
"डावीकडे कोण होतं?" मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"हेलयू."

हेलयू दर गुरुवारी येते.
भोपळ्याच्या लोणच्याची बरणी आणते,
हीच सीडी लावायला सांगते,
आणि ती जागा आली की यांच्या गुडघ्यावर थोपटते:
जाऊ दे गं, होतं असं.
सत्तावीस वर्षं थोपटते आहे.

मला वाटलं, तिसरा खपला.
खोकं आणायला वळलोसुद्धा.
"पहिला द्या," मागून आवाज.
"त्यात काही कळत नाही," मी म्हणालो, "खरं सांगतो."
"मला कळलंय. तिला कशाला?"
मग थोडं थांबून:
"एकाहत्तर वर्षांची आहे. लोणचं छान करते."

एक वर्षाची हमी, रिमोट, दोन सेल फुकट.
जुना प्लेअर ठेवून घ्या म्हणाल्या,
मग दारातून परत येऊन तोही शालीत घेतला.
बसथांब्यापर्यंत मी खोकं पोचवलं, रस्ता काचेसारखा झाला होता.

परत येऊन तिसऱ्यावरची धूळ पुसली.
धूळ नव्हती.
एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली, किंवा मी राहू दिली:
तिन्ही प्लेअरवर, सगळ्या वेळा,
मला त्या बायका एकदमच शिरताना ऐकू आल्या.
आधी कुणीच नाही.