उणे दोन

पाषाणच्या बाजूनं वेताळ टेकडी चढताना
खांबेटेकाका रोज विचारतात,
"लागला का तुमच्या क्वांटमचा निकाल?"
जन्मभर बँकेच्या कर्जखात्यात बसलेला माणूस.
त्यांना आकडा हवा असतो. एकच.
खाली दोन रेघा मारलेला.

आज मी काठीनं धुळीत चौकट आखली, तीन बाय तीन.
ही नऊ घरं, काका.
अवस्था म्हणजे कुठल्या घरात किती, याचा नकाशा.
बेरीज ठरलेली, सहा
(खरं तर सहा षष्ठांश, पण अपूर्णांक इतक्या सकाळी नकोत).
आणि एखादं घर शून्याच्याही खाली.

"म्हणजे ऋण."
ऋण.
"आणि त्यालाच तुम्ही भांडवल म्हणता?"
हो. ज्याच्याकडे उणं काहीच नाही
त्याची नक्कल साधा संगणकही करतो.
"आमच्या बँकेत तुम्हाला दारात उभं केलं नसतं."

पहिली: आठ घरांत एकेक, नवव्यात उणे दोन.
दुसरी: एकात दोन, सहांत एकेक,
उरलेल्या दोघांत उणे एकेक.
"मग सारखंच की. दोन्हीकडे उणे दोन."

तसं नाही. मोठ्या घरापासून बेरजा करत चला.
पहिली चढते सावकाश,
आठव्या पावलाला माथा,
आणि तिथून एकदम दोन खाली, खाणीच्या कड्यासारखी.
दुसरी आधीच पुढे. सातव्याला माथ्यावर,
मग एक पायरी, मग अजून एक.
माथा तोच, पायथाही तोच,
पण मधे वाटा एकमेकींना छेदतात.
जी सबंध वाटेवर वर राहील ती वरचढ, असा नियम.
इथे दोघींतली कुणीच राहत नाही.
फुकटात जेवढं करता येतं तेवढं करून
हिची ती होत नाही, तिची ही होत नाही.
डावं-उजवं करता येत नाही, काका.

"मग काय करता?"
तसं लिहून ठेवतो.
"त्याचे पैसे देतात?"
शिष्यवृत्ती. चार महिने आलेली नाही.
"हं. ऋण," ते म्हणाले, आणि हसले.

खाणीच्या काठाशी काका थांबले. एरवी थांबत नाहीत.
पाणी हिरवं, हललेलं नाही.
पलीकडून पानवलकर येत होते
बायकोचा हात धरून. तिला आज
ही टेकडी कुणाची ते कळत नव्हतं.

खांबेटेकाकू गेल्या त्या एका मंगळवारी,
कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत.
पानवलकरबाई सहा वर्षं झाली, जातायत.
आधी नातवाचं नाव, मग जिन्याचं वळण,
मग मिठाचा डबा कुठला ते.

"लोक मला सांगतात, सुटलात," काका म्हणाले.
"त्यांना सांगतात, निदान समोर तरी आहे."
पानवलकरांनी लांबून हात वर केला.
काकांनीही केला. बराच वेळ
दोघांनी तो खाली घेतला नाही.

उतरताना ती चौकट वाटेतच होती.
कुणाचा तरी बूट चार घरांवर उमटलेला,
नवव्यातून मुंग्यांची रांग चाललेली.
मी सरळ पुढे निघाले.
काकांनी मात्र चप्पल अलगद उचलून
तिला वळसा घातला.