शाल-श्रीफळ

सव्वानऊला बाजारातून सुरुवात करते मी.
इनास टेलर पन्नास. मशीन थांबवत नाही,
पाय पायडलवर, दातांत दोरा, हातात नोट.
जयवंती सुरमई असली तर शंभर, बांगड्याच्या दिवशी वीस,
होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नुसतंच, "फाल्यां ये गो."
रिक्षावाले चौघे एकमेकांच्या वाटचं भरतात
आणि संध्याकाळी त्यावरून भांडतात.
माझ्या कमरेच्या यंत्रातून पावती निघते,
पालीच्या जिभेएवढी.

यांच्यापैकी कुणालाच साहेब नाही.
पगारातून काही कापून जात नाही,
कारण पगारच नाही.
साठाव्या वर्षी, आता पुरे, असं कुणी सांगणार नाही.
गुडघे सांगतील.
किंवा सुईचं नाक, एके दिवशी दिसेनासं होऊन.

सगुण पाडेली बाजारात सापडत नाही.
उभादांड्यात माडाखाली उभं राहून हाक मारायची.
वरून आवाज येतो, "बाजूक हो गो!"
मग नारळ, धप्प, धप्प,
मग सगुण,
मग कनवटीची तीसची घडी, घामाने ओली.
एका माडाचे ऐंशी. दिवसाला बारा-पंधरा माड.
पावसात खोडं शेवाळली की एकही नाही.
मागच्या वर्षी शेंड्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं.
पासबुकात अठ्ठावीस ओळी कोऱ्या आहेत.
का कोऱ्या, त्याला रकाना नाही.

मे महिन्यात हायस्कुलातले नाबर सर निवृत्त झाले.
भाषणं, फोटो, पेन्शनचे कागद लिफाफ्यात.
खांद्यावर शाल, ओंजळीत श्रीफळ.
ते श्रीफळ सगुणनेच सकाळी पाडलं होतं
सरांच्याच परसातून,
शेंडी राखून सोललंही होतं.
टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो मागच्या दाराशी उभा होता,
ऐंशी रुपये यायचे होते.
मला म्हणाला, "नारळ माका रोजचोच.
शाल तेवढी ऱ्हवली."
आणि हसला, कोयता कमरेला खोवत.

त्या दिवशी मला घरामागे घेऊन गेला.
ठेंगण्या जातीचे चार माड.
दोन चार वर्षांपूर्वीचे, नारळ धरलेले,
इतके खाली की कोंबडी त्यांच्यावर बसली होती.
दोन या वर्षीचे, झापांच्या सावलीत.
"आणखी चार वर्षांनी दोन," म्हणाला, "मग आणखी दोन.
एकदम लावले तर एकदम उंच जातले.
माका साठ लागती तेव्हा
हे डोक्याच्या वर, ते छातीकडे, थयसरचे गुडघ्याकडे.
मी चढतलय नाय. नारळानच खाली येवक व्हया."
भिंतीवर कोळशाने एक रेघ होती.
हात वर करून त्याने ती दाखवली.
रेघ त्याच्या बोटांपेक्षा थोडी खाली.
"म्हातारपणी माणूस दोन बोटां बुटको जाता,
ता पण धरलंय."

त्याच्या पिग्मीची मुदत मी मनात मोजली,
व्याज मोजलं. रेघेपर्यंत पोचत नव्हतं.
पण तो नोट काढत होता, नेहमीसारखी,
म्हणून गप्प राहिले.
पावती घेताना सहज विचारलं त्याने,
"आणि तुजी पिग्मी कोण जमवता गो?"
स्कूटी पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही.

रात्री पडवीत हिशेब.
चौदा हजार सहाशे. टक्के तीन.
माझे चारशे अडतीस, पेट्रोल वजा.
अकरा वर्षं असंच. लोकांचं म्हातारपण
कमरेला बांधून फिरते,
उतारावर ते खुळखुळतंसुद्धा.

नवीन खात्याचा फॉर्म पिशवीत असतोच.
नाव लिहिलं. व्यवसाय या रकान्याशी अडले,
मग लिहिलं, स्वतःचा.
वारसदार उद्यावर ठेवला.
रक्कम वीस.
खाली दोन सह्या लागतात,
खातेदाराची डावीकडे, प्रतिनिधीची उजवीकडे.
डावीकडची करताना
हात थोडा अवघडला.