दोरीत शिरताना

सोहारला माझी पाचवी रोड टेस्ट गेली
तेव्हा झुवैनाने काचेवरची धूळ पुसली फक्त
आणि थर्मासमधला कहवा ओतला.
पिंपांमधून उलटी गाडी काढणं जमलं होतं मला,
चढावर थांबून पुन्हा निघणंही.
अडत होतं ते राउंडअबाउटपाशी.

डावीकडून ट्रक, ट्रकमागे पांढरी पिकअप,
पिकअपमध्ये दोन बकऱ्या,
बकऱ्यांमागे मोकळी जागा.
पुरेल? किती मीटर? ताशी चाळीस धरले तर?
गणित सुटेपर्यंत जागा निघून जायची,
मागे हॉर्न सुरू,
आणि परीक्षकबाई कागदावर काहीतरी लिहायच्या,
उजवीकडून डावीकडे.

माझं डोकं तसं कष्टाळू आहे.
रात्री अडीचला उठून कामाला लागतं:
गॅसचा नॉब.
हेरंबची नाइट शिफ्ट, तिथला ॲल्युमिनियमचा उकळता रस.
देवरुखला पाठवलेले पैसे एक आकडा चुकून
भलत्याच कुणाच्या खात्यात.
मुलीच्या बसचा ड्रायव्हर काल जांभई देत होता का?
मन चिंती ते वैरी न चिंती, आई म्हणायची.
माझा वैरी तर बिचारा घोरत असेल कुठेतरी,
त्याला सात जन्मांत सुचणार नाही ते
मी एका कुशीवर पडल्या पडल्या
त्याच्यासाठी तयार करून ठेवते.

‘तू बघतेस खूप,’ झुवैना तिच्या बलुची हिंदीत म्हणाली,
‘दिसत मात्र नाही तुला.’
एकोणीस वर्षं तिचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर.
आधी पाय दाबला जातो, म्हणाली,
मग कळतं काय येत होतं ते.
‘आणि पाय चुकला तर?’
‘चुकतो की. डोकं काय चुकत नाही?’

पण माझ्या पायांना सवय डाव्या बाजूची,
इथे सगळं उलट.
ज्याला रस्त्याची बाजूच ठाऊक नाही
त्या आतल्या माणसावर भरवसा ठेवायचा कसा,
हे मी तिला विचारलं नाही.
रात्री अडीचसाठी ठेवून दिलं.

सहाव्या वेळी समुद्रावरून धुकं आलं होतं,
वाळत्या मासळीचा वास थेट रस्त्यापर्यंत.
परीक्षकबाईंच्या ओढणीला ऊद.
पांढऱ्या रेषेवर मी थांबले.
गाड्या फिरत होत्या, फिरत होत्या,
आणि एकाएकी
शाळेमागची लाल माती,
कुंदा आणि नाझनीन दोरी फिरवतायत,
टप्प, टप्प,
मी बाहेर उभी, अंग पुढे-मागे, पुढे-मागे.
मोजलं की नडगीवर फटका बसायचा हमखास.
न मोजणाऱ्या मुली
कधी आत गेल्या ते त्यांनाही कळायचं नाही,
नुसत्या वेण्या उडताना दिसायच्या.

पाण्याचा टँकर गेला, टप्प.
टॅक्सी, टप्प.
गुडघ्याला कळलं.
मी आत.

बाहेर पडायचं मात्र विसरले.
दोन फेऱ्या झाल्या.
मधोमध सिमेंटचं भलंमोठं कहवापात्र आहे,
सहा महिने त्याच्याजवळून जातेय,
आज पाहिलं: त्याच्या चोचीत
कुण्या पाखराने काड्या रचल्यात,
एक निळी प्लॅस्टिकची दोरीही.
‘कुठे चाललीस?’ परीक्षकबाईंनी विचारलं.
मला खरंच माहीत नव्हतं.
मी हसले, तेही बहुधा कागदावर गेलं.

नापास.

गेटपाशी झुवैनाने माझा चेहरा पाहिला
आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, मबरूक!
मी काही बोलले नाही.
कहवा प्यायले, एक खजूर खाल्ला,
बी बराच वेळ तोंडात घोळवली,
मग सांगितलं.