प्रमाणित वेळ

पुस्तकाचं कव्हर गेलंय. पहिल्या पानावर
आधीच्या मालकाची सही, आणि खाली
'उत्पादन व कार्य व्यवस्थापन : मूलतत्त्वे'.
अमरावतीच्या रद्दीत चाळीस रुपयांना पडलं.
वरूडच्या शेडमध्ये वजनकाट्याशी बसून वाचतो,
एक ट्रक गेला की दुसरा लागेपर्यंत.
पानांना आता संत्र्याच्या सालीचा वास येतो,
तिसरं प्रकरण तर चिकटूनच गेलंय.

आदान, प्रक्रिया, प्रदान.
म्हणजे बागेतून आलेला ढीग,
म्हणजे धुणं, पुसणं, मेण, निवड,
म्हणजे कोलकात्याचा ट्रक, ताडपत्री, दोऱ्या.
इतकं तर मला सातवीपासून येत होतं,
फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं.

प्रकरण पाच. अडथळ्याची जागा शोधा.
बाटली कितीही मोठी असो,
पाणी मानेच्या मापानंच येतं.
मी शेडभर मान शोधत फिरलो.
मेणाचं मशीन? ते अर्धा वेळ रिकामंच घरघरतं.
हमाल? दादाराव आणि किसना पालथ्या क्रेटवर बसून
खर्रा घोटतात.
मान होती निवडीच्या टेबलाशी.
सहा बाया, तीन इकडे, तीन तिकडे.
एक नंबर, दोन नंबर, चुरी,
कोलशी लागलेलं फळ मागच्या टोपल्यात.

मोबाइलचं घड्याळ लावून, वहीत रकाने पाडून
उभा राहिलो.
पहिल्या दिवशी हात इतके भरभर चालले
की दोन नंबर सगळा एक नंबरात गेला.
"काय मोजून राह्यला बाप्पा?"
वच्छलाबाईनं विचारलं, फळावरची नजर न उचलता.
"तुमचा वेळ."
"मंग आम्हालेबी सांगजो, कुठं गेला थो."

तिसऱ्या दिवशी त्या मला विसरल्या
आणि आकडे खरे यायला लागले.
एका संत्र्याला सव्वा सेकंद.
वच्छलाबाई तर बघतच नाही, तळहातात तोलते,
पोकळ साल तिच्या बोटाच्या पेराला कळते.
पुस्तकात याला 'कौशल्य' म्हटलंय,
एका ओळीत, व्याख्येशिवाय.

दर पाऊण तासानं मात्र एक खाच पडायची.
चार मिनिटं, कधी सहा.
सुकेशनी उठायची.
कुंपणाजवळच्या बाभळीला झोळी होती,
पोराला पाजून परत यायची.
तोवर तिच्या जागेपुढं ढीग,
ढिगामागं क्रेट, क्रेटमागं ट्रक,
ट्रकमागं शेटचा फोन.

पुस्तकात रकाना आहे, टाळता येणारा विलंब.
शेजारी दुसरा, न टाळता येणारा.
पेन मधल्या रेषेवरच राहिलं
बराच वेळ.

शेट म्हणाला, शिकतोस ना आता? मग अहवाल दे.
सहाच्या जागी पाच बसतील का बघ.

दुसऱ्या दिवशी मी पावलं मोजली.
टेबल ते बाभूळ, एकशे दहा.
जाऊन येऊन दोनशे वीस. पाजायला दोनच मिनिटं.
वेळ पोराला जात नव्हता,
अंतराला जात होता.

रविवारी मी आणि किसनानं
झोळी आणून शेडच्या अँगलला बांधली.
पोरानं वर पत्र्याकडं बघितलं, रडलं,
मग मशीनच्या घरघरीत झोपून गेलं.
सोमवारी ट्रक वीस मिनिटं लवकर सुटला.
शेट म्हणाला, बघ, म्हणजे पाच बसतात.

त्याला दिसलं नव्हतं, वच्छलाबाईच्या
पायाच्या अंगठ्याला एक दोरी आहे,
टेबलाखालून झोळीकडं गेलेली.
हात निवडतात, अंगठा झोका देतो.
ते मी कुठल्या रकान्यात टाकू?

अहवालात सहाच लिहिल्या.
गणितात बसत नव्हत्या, तेव्हा सूट वाढवली.
तशी तरतूद आहे, पान एकशे त्र्याहत्तर :
थकवा आणि वैयक्तिक गरजा यांसाठी
मूळ वेळेत काही टक्के मिळवावेत.
किती, ते लेखकानं
पर्यवेक्षकावर सोडलंय.